पोर्तुगाल १९१०: राजा गेला, कायदे राहिले

पावणेआठशे वर्षं चाललेली पोर्तुगालची राजेशाही ऑक्टोबर १९१० मध्ये दीड दिवसात कोसळली. ती पाडणाऱ्यांनाही आपण जिंकू याची शेवटपर्यंत खात्री नव्हती. त्यानंतरच्या तीन महिन्यांत नव्या सरकारने जे कायदे काढले, त्यांची मुळं मात्र क्रांतीपेक्षा खोल गेली.

गादी का डळमळली?

१८९० मध्ये अंगोला आणि मोझांबिक यांच्यामधल्या प्रदेशावरून ब्रिटनने दम दिला आणि पोर्तुगालने निमूट माघार घेतली. राजाच्या अब्रूला तेव्हा जे भोक पडलं ते बुजलं नाही. राजघराण्याने सरकारी तिजोरीतून उचललेल्या पैशांची चर्चा चव्हाट्यावर आली. १९०७ मध्ये पंतप्रधान झुआंव फ्रांकु याने संसद बाजूला ठेवून कारभार हाकायला सुरुवात केली. १ फेब्रुवारी १९०८ रोजी लिस्बनच्या भर चौकात राजा कार्लुश आणि युवराज यांना उघड्या घोडागाडीत गोळ्या घातल्या. धाकटा मुलगा मानुएल अठराव्या वर्षी गादीवर आला आणि त्याच्या अडीच वर्षांत सहा पंतप्रधान झाले. ऑगस्ट १९१० च्या निवडणुकीत प्रजासत्ताकवाद्यांना देशभरात मिळून चौदाच जागा मिळाल्या, पण राजधानी त्यांच्या हाती गेली. पुढच्या घडामोडींत महत्त्वाची ठरली ती राजधानीच.

३ ते ५ ऑक्टोबर

उठावाचा बेत ठरला होता, पण सुरुवातच अशुभ झाली. ३ ऑक्टोबरला त्याचा एक प्रमुख नेता, मनोविकारतज्ज्ञ डॉ. मिगेल बोंबार्दा, याच्यावर रुग्णालयातच एका मनोरुग्णाने गोळ्या झाडल्या. संध्याकाळी तो गेला. इकडे राजा ब्राझीलच्या नवनिर्वाचित अध्यक्षांबरोबर मेजवानीत होता. मध्यरात्रीनंतर काही पलटणी उठल्या, पण ठरलेल्या खुणा नीट पोहोचल्या नाहीत. सगळं फसलं अशी समजूत होऊन लष्करी बाजूचे म्होरके अ‍ॅडमिरल कांदिदु दुश रैश यांनी पहाटे आत्महत्या केली.

रोटुंडा चौकात बंडखोरांनी मोर्चे बांधले होते. बातम्या वाईट येऊ लागल्या तसे तिथले सैन्याधिकारी एकेक करून निघून गेले. मागे राहिला माशादु सांतुश, नौदलातला हिशेब आणि पुरवठा पाहणारा अधिकारी! त्याने सार्जंटांना विचारलं, त्यांनी राहायचं ठरवलं. मोठमोठे नेते गळाले आणि एका हिशेबनीसाने चौक धरून ठेवला, हे मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत विलक्षण वाटतं. ४ तारखेला ‘आदामाश्तोर’ आणि ‘साऊं रफाएल’ या युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागल्या आणि राजा माफ्राला निघून गेला.

शेवटचा धक्का तर गैरसमजाचा. परदेशी नागरिकांना शहराबाहेर पडता यावं म्हणून जर्मन राजदूतावासाच्या अधिकाऱ्याने थोड्या वेळाचा युद्धविराम मागितला. त्याचं पांढरं निशाण पाहून लोकांना वाटलं, राजाच्या फौजेने शरणागती पत्करली. गर्दी रस्त्यावर लोटली, सैनिकांच्या गळ्यात पडली, आणि मग खरोखरच लढायला कोणी उरलं नाही. ५ ऑक्टोबरच्या सकाळी जुझे रेल्वाशने लिस्बन नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताक जाहीर केलं. बाकीच्या देशाने ते तारेने कळल्यावर मान्य केलं. एरिसैरा या कोळ्यांच्या गावातून मानुएल बोटीत बसला तो जिब्राल्टरमार्गे इंग्लंडला गेला आणि १९३२ मध्ये तिथेच वारला.

तीन महिन्यांतले हुकूम

हंगामी सरकारचा प्रमुख लेखक तेओफिलु ब्रागा होता, पण खरी चलती न्यायमंत्री आफोंसु कोश्ताची. तीन दिवसांत जेझुइटांना हद्दपार करण्याचा हुकूम निघाला. शाळांतलं धर्मशिक्षण बंद झालं, धार्मिक सणांच्या सरकारी सुट्ट्या गेल्या. ३ नोव्हेंबरला घटस्फोटाचा कायदा आला. नवरा आणि बायको दोघांनाही त्याने सारखाच हक्क दिला. विवाह हा दिवाणी करार ठरवणारा कायदा तर मुद्दाम नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला काढला. चर्च आणि सरकार पूर्णपणे वेगळं करणारा कायदा २० एप्रिल १९११ चा.

मताधिकाराच्या बाबतीत मात्र हे धाडस आटलं. सुमारे तीन चतुर्थांश प्रजा निरक्षर होती. १९११ च्या नियमाप्रमाणे साक्षर किंवा कुटुंबप्रमुख असलेल्यालाच मत होतं. त्यात ‘पुरुष’ असं लिहायचं राहून गेलं. डॉक्टर कारोलिना बेआत्रिश आंजेलु ही विधवा होती, म्हणजे स्वतःच कुटुंबप्रमुख. ती कोर्टात गेली, जिंकली आणि २८ मे १९११ ला मत देऊन आली. १९१३ मध्ये कायदा बदलून त्यात पुरुष हा शब्द घालण्यात आला, आणि साक्षरतेची अटही कायम राहिली. ज्यांच्या नावाने क्रांती झाली त्यातल्या बहुतेकांना मतपेटीपर्यंत जाताच आलं नाही. सोळा वर्षांत पंचेचाळीस सरकारं झाली. १९२६ मध्ये लष्कराने प्रजासत्ताक गुंडाळलं.

गोव्यात काय पोहोचलं

राजेशाहीच्या घटनेत कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म होता. तो दर्जा गेल्यावर पोर्तुगालच्या ताब्यातल्या गोव्यात हिंदूंना सरकारी नोकरीत आणि सार्वजनिक जीवनात पाय रोवायला जागा मिळाली. वृत्तपत्रांनाही मोकळीक आली. केप्यातून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचं ‘भारत’ १९१२ मध्ये निघालं ते याच हवेत.

पोर्तुगालमध्ये हुकूमशहा सालाझारने १९४० मध्ये व्हॅटिकनशी करार केला आणि त्यानंतर चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांचा घटस्फोटाचा हक्क गेला. तो १९७५ मध्ये परत मिळाला. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, पण भारतीय संसदेच्या १९६२ च्या कायद्याने तिथले जुने कायदे चालू ठेवले. म्हणून हिंदू विवाह कायदा गोव्यात लागू नाही, आणि म्हापशाच्या किंवा मडगावच्या एखाद्या हिंदू जोडप्याच्या घटस्फोटाच्या दाव्याला आजही आधार असतो तो ३ नोव्हेंबर १९१० च्या लिस्बनमधल्या हुकुमाचा.