नगरातील बेटावरचे एक निसर्गकेंद्र

निसर्गाभ्यासासाठी मोठे प्राणिसंग्रहालय पाहावयास हवे, दूरची सहल काढावयास हवी व त्यासाठी बराच खर्च करावयास हवा, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा समज कितपत बरोबर आहे, हे पाहण्यास दूरदेशीच्या एका लहानशा निसर्गकेंद्राची माहिती उपयोगी पडेल.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात डेट्रॉईट हे मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. त्याच नावाची नदी शहराला लागून वाहते व तिच्या पैलतीरावर कॅनडा देश आहे. या नदीच्या पात्रात बेल आईल नावाचे ९८२ एकरांचे बेट आहे. शहराने ते १८७९ साली विकत घेऊन तेथे सार्वजनिक उद्यान केले. बेटावर पुलावरून जाता येते. तेथील मत्स्यालय १९०४ साली उघडले. अशा जुन्या व भव्य इमारती उद्यानात आहेत; परंतु आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते बेटावरील दलदलीच्या रानाला लागून असलेले छोटे निसर्गकेंद्र.

या केंद्रात वाघसिंह नाहीत. तेथे आहेत ती त्याच प्रदेशातील कासवे, बेडूक, साप, मासे व कीटक. पक्ष्यांना न बुजविता त्यांचे निरीक्षण करता यावे, म्हणून एक मोठी खिडकी राखली आहे. बाहेर पडताच पायवाट रानात शिरते. आत जे पाहिले त्याचे घर बाहेर शोधावे, अशी ही सोय आहे. केंद्र हे रानाऐवजी नसून रानात जाण्यापूर्वीचा पहिला पाठ आहे.

अशा पाठाची गरज का भासते, हे दोन उदाहरणांवरून कळून येईल. बेटाभोवतीच्या पाण्यात मडपपी नावाचा प्राणी राहतो. हा बेडकांचा दूरचा नातलग असून सुमारे एक फूट लांब असतो. शेपटी व मानेजवळचे तांबडे, पिसांसारखे कल्ले तो जन्मभर राखतो. दिवसा दगडांखाली दडतो व रात्री बाहेर पडतो. तो विषारी आहे, माशांचा नाश करतो, अशा खोट्या समजुतीने गळाला लागलेले हे प्राणी काही मासेमार मारून टाकीत आले आहेत. वास्तविक तो निरुपद्रवी आहे. इतकेच नव्हे, तर एका जातीच्या गोड्या पाण्यातील शिंपल्याची सूक्ष्म पिले याच प्राण्याच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मडपपी नाहीसा झाला, तर तो शिंपलाही नाहीसा होईल.

दुसरे उदाहरण वृक्षांचे. २००२ साली डेट्रॉईटच्या परिसरात ॲश वृक्षांची साल पोखरणारा एक हिरवा भुंगेरा ओळखला गेला. तो आशियातून आलेला होता व ओळख पटण्यापूर्वी काही वर्षे कोणाच्याही ध्यानी न येता आपले काम करीत होता. पुढे अमेरिकेत कोट्यवधी ॲश वृक्ष वाळून गेले. जे नित्य डोळ्यांसमोर असते, त्याकडे लक्षपूर्वक पाहणारे डोळे नसले, म्हणजे हानी किती पुढे जाते, हे यावरून दिसते.

आपल्या गावी याहून निराळे काय घडते? धामण बिनविषारी आहे व शेतातील उंदीर खाऊन ती शेतकऱ्याचे हितच करते. तरीही साप दिसला, की काठी उगारली जाते. मुलांना ही ओळख करून देण्याचे काम शाळेवाचून दुसरे कोण करणार? त्यासाठी पुढील गोष्टी कोणत्याही शाळेस करता येतील.

(१) ओढा, विहीर, वड, शेताचा बांध यांपैकी एकच जागा निवडावी. तेथे काय काय राहत असेल, हे मुलांकडून आधी वदवून घेऊन फळ्यावर लिहावे.

(२) त्या जागी प्रत्येक मुलाने एकच जीव निवडून दहा मिनिटे शांतपणे पाहावा. तो काय खातो, कोठे दडतो, कोणास भितो, एवढे पाहिले तरी पुरे.

(३) परतल्यावर चित्र व चार ओळी लिहून घ्याव्यात. फळ्यावरील यादीशी त्या ताडून पाहाव्यात व चुकलेली समजूत मुलांनाच दुरुस्त करू द्यावी.

(४) तीच जागा पावसाळ्यात, हिवाळ्यात व उन्हाळ्यात पुन्हा पाहावी आणि वर्षाच्या नोंदी एका वहीत जतन कराव्यात.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. साप किंवा अन्य वन्य जीव मुलांनी हाताळू नयेत व ते पकडून शाळेत ठेवू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो गुन्हाही ठरू शकतो. गळलेली पाने, बिया, पिसे नव्हे तर पिसांची चित्रे, मातीचे नमुने व मुलांच्या वह्या एवढ्या सामग्रीवर वर्गातील निसर्गकोपरा उत्तम सजतो.

बेल आईलच्या केंद्रापाशी रान आहे, म्हणून ते लहान असूनही पुरेसे ठरते. आपल्या बहुतेक शाळांच्या दाराशी ओढा, शेत वा माळ आहेच. ज्या मुलाने धामण एकदा नावानिशी ओळखली, तो काठी उगारणाऱ्या वडील माणसाचा हात धरील, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही.