गल्ला मुलाकडे, पण सही कोणाची?



"आता सगळं मुलगाच बघतो," असं तुम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगता. छान! पण मला तीन उत्तरं द्या. चेकवर सही कोणाची? बँकेचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो? उधारी कोणाला द्यायची, हे शेवटी कोण ठरवतं? तिन्हींचं उत्तर "मी" असेल, तर मुलगा अजून तुमचा मदतनीसच आहे.

"आमच्यात भांडणं नाहीत हो!" असंही म्हणाल. धीरूभाई अंबानींचं उदाहरण घ्या. 1986 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढे दोन्ही मुलं कारभारात मुरली. 6 जुलै 2002 ला धीरूभाई गेले, मृत्युपत्र न करता. भावांमधला वाद चव्हाट्यावर आला आणि जून 2005 मध्ये आई कोकिलाबेन यांना वाटणी जाहीर करावी लागली. मुलं हुशार असली की पुरे, असं नसतं. कोणाकडे काय, हे मोठ्यांनीच ठरवून ठेवावं लागतं.

आता आपल्याकडे बघा.

धंदा एकट्याच्या नावावर असेल तर: मालक गेला की त्याचं जीएसटी रजिस्ट्रेशन मुलाला आपोआप लागू होत नाही. त्याला स्वतःचं काढावं लागतं. नॉमिनी म्हणजे मालक, हाही गैरसमज आहे. नॉमिनी पैसे घेतो ते वारसांच्या वतीने.

भागीदारी असेल तर: 1932 च्या कायद्यानुसार, करारात वेगळं लिहिलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. दोघांचीच फर्म असेल, तर मुलाला तुमच्या हयातीतच भागीदार करून घेणं बरं.

मृत्युपत्र नसेल तर: हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना तुमच्या मालमत्तेत सारखा हिस्सा मिळतो. मग वीस वर्षं दुकान चालवणारा मुलगा आणि सासरी असलेली मुलगी, दोघांचा हक्क सारखा. मुलीला डावला, असं मी म्हणत नाही. उलट, तिलाच धंद्यात रस असेल तर तिलाच तयार करा! पण चालवणार कोण आणि हिस्सा कोणाला किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी लिहा.

सुरुवात कशी करायची? आधी खरेदी मुलावर सोपवा, मग उधारी-वसुली, मग पगार आणि शेवटी बँक. प्रत्येक कामाला सहा महिने द्या. त्याचा एखादा निर्णय चुकेल, थोडं नुकसानही होईल. पण कामगारांसमोर तो निर्णय फिरवू नका. एकदा फिरवलात की उद्यापासून सगळे पुन्हा तुम्हालाच विचारतील. चुकू द्या, तुम्ही शेजारी बसलेले आहात तोवरच.

या रविवारी घरच्यांना एकत्र बसवा. पत्नी, मुलगा, मुलगी, सून, सगळ्यांना. वर दिलेले तीन प्रश्न कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे नाव आणि तारीख टाका. सोमवारी तोच कागद घेऊन सीए आणि वकिलाकडे जा.