टीव्ही घेण्यापूर्वी

बैल घ्यायचा झाला तर आपण काय करतो? बाजारात चार जोड्या बघतो. दात बघतो, खूर बघतो. जरा चालवून बघतो. मगच किमतीचे बोलणे काढतो. नुसत्या शिंगांच्या रंगाला भुलून कोणी बैल घेत नाही. मग टीव्ही घेताना पडद्याच्या झगमगाटाला का भुलावे?

आमच्या शेजारचे आबा असेच भुलले. सोयाबीनचे पैसे हाती आले होते. तालुक्याच्या एका दुकानातून त्यांनी ४३ इंची 'स्मार्ट' टीव्ही हप्त्याने आणला. दुसऱ्या दिवशी मला बोलावणे आले. आबा म्हणाले, "गुरुजी, एवढे पैसे घातले, पण पडद्यावर नुसतं गोल चाक फिरतंय. चित्र काही दिसंना." घरात इंटरनेट नव्हते. डिशही नव्हती. दुकानदाराने सांगितले नाही आणि आबांनी विचारले नाही. म्हणून, मंडळी, थोडे समजून घेऊ.

आपल्या देशात टीव्ही १९५९ साली दिल्लीत सुरू झाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत चित्र १९८२ साली आले. तेव्हाच्या टीव्हीत काचेची मोठी नळी असे. म्हणून तो पेटीसारखा जाड दिसे. आताचा टीव्ही पाटीसारखा पातळ असतो. त्यात मागच्या बाजूला बारीक दिवे असतात. त्यांनाच एलईडी म्हणतात. पुढच्या पडद्यातून त्यांचा उजेड गाळून बाहेर येतो आणि चित्र दिसते.

टीव्हीचे माप इंचात सांगतात. हे माप रुंदीचे नव्हे. पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत टेप लावायची. ३२ इंची टीव्ही रुंदीला सुमारे २८ इंचच भरतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहासात फुटांवर बसून बघायला तो पुरतो.

आता चित्र कसे बनते ते बघा. रांगोळी ठिपक्यांवर काढतात ना? तसेच टीव्हीचे चित्र ठिपक्यांचे असते. ठिपके जास्त, तर चित्र रेखीव. 'एचडी रेडी' पडद्यावर सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. 'फुल एचडी'वर सुमारे २० लाख. 'फोर के'वर सुमारे ८३ लाख. पण यात एक मेख आहे. येणारे चित्रच साधे असेल, तर फोर के पडदा तेच चित्र ताणून दाखवतो. विहिरीत नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? लहान पडद्यावर आणि साध्या वाहिन्यांसाठी फोर के घेऊन जादा पैसे घालवू नयेत.

मग चित्र येते कुठून? एक वाट डिशची. 'डीडी फ्री डिश' ही सरकारी सोय आहे. डिश आणि तिची पेटी एकदा विकत घ्यावी लागते. पुढे महिन्याचे भाडे नाही. सह्याद्री वाहिनी तिच्यावर दिसते. दुसरी वाट इंटरनेटची. 'स्मार्ट' म्हणजे इंटरनेटला जोडता येणारा टीव्ही. मोबाइलचे इंटरनेट त्याला देता येते. पण दिवसाचा डेटा एका सिनेमातच संपू शकतो. आपल्या घरात कोणती वाट आहे ते आधी ठरवा.

वीजही बघा. ५० वॉटचा टीव्ही २० तास चालला की एक युनिट जळते. टीव्हीवर ताऱ्यांची चिठ्ठी असते. एकाच मापाच्या दोन टीव्हींत जास्त तारे असलेला कमी वीज खातो.

दुकानात गेलात तर दुकानदाराची चकचकीत फिल्म बघू नका. साध्या बातम्या लावायला सांगा. बाजूला उभे राहून बघा. काही पडदे बाजूने फिके दिसतात. आवाज ऐका. बोलणे स्पष्ट कळते का?

आता पैशाचे. रोख किंमत आधी विचारा. मग हप्त्यांचा गुणाकार करा. आबांच्या टीव्हीची रोख किंमत १८,००० रुपये होती. हप्ता १,७५० रुपयांचा, महिने १२. म्हणजे २१,००० रुपये. वरचे ३,००० रुपये कशाचे? आबांनी हा गुणाकार घरी आल्यावर केला.

पक्की पावती घ्या. हमीपत्रावर तारीख आणि दुकानाचा शिक्का मारून घ्या. खोक्यावरचा क्रमांक टीव्हीच्या मागच्या क्रमांकाशी ताडून पाहा. पडदा फुटला तर बहुधा हमी लागू होत नाही, म्हणून बसवणारा माणूस असतानाच टीव्ही चालवून पाहा. पुढे दुकानदार दाद देईना, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पावती असेल तर तुमचे म्हणणे पक्के होते.

आणि वीज कडाडू लागली की टीव्हीचा प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढा.

आबांनी शेवटी फ्री डिश बसवली. आता रोज सातच्या बातम्या बघतात. पण हप्त्याचा दिवस आला की म्हणतात, "गुरुजी, त्या तीन हजारांत बियाणं आलं असतं." आपण आता वाचायला शिकलो आहोत. तेव्हा सही करण्याआधी कागद वाचावा, आणि पैसे देण्याआधी गुणाकार करावा.