अर्धापुरातला साठ लिटर समुद्र

अर्धापूर म्हटले की केळी आठवतात. नांदेडहून नागपूरच्या रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरवर आमचे गाव येते आणि गावाच्या आजूबाजूला इसापूरच्या कालव्यावर, विहिरींवर, बोअरवर पोसलेल्या केळीच्या बागा दिसतात. जवळात जवळचा समुद्र म्हणजे कोकणचा, तोही सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या वर. अशा गावात खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडायची म्हटल्यावर लोक आधी आपल्याकडे बघतात, मग हंड्याकडे. "उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची आणि असलेलं पाणी खारट करायचं?" हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला. प्रश्न गैर नव्हता. पण हिशेब असा, की ठिबकवरच्या केळीच्या एका झाडाला भर उन्हाळ्यात दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागते. माझी पेटी दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. दगड-वाळू वजा जाता तिच्यात साठ लिटर पाणी मावते. म्हणजे एका केळीचे तीन-चार दिवसांचे पाणी.

आमच्या पिढीच्या मराठवाडी पोरांनी समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या त्या मत्स्यालयाच्या दारासमोरच समुद्र होता. इथे तो घरी तयार करावा लागतो. ही कल्पना काही नवी नाही. समुद्र दाराशी नसलेल्या लंडनमध्ये १८५३ साली प्राणिसंग्रहालयाने काचेच्या पेट्यांमध्ये सागरी जीव मांडले, आणि त्या कामातला अग्रणी निसर्ग-अभ्यासक फिलिप हेन्री गॉस याने १८५४ मध्ये क्षार मिसळून समुद्राचे पाणी घरी कसे करावे याची कृतीच छापून टाकली.

कृती वाचायला सोपी आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला बहुतांश भाग आपले साधे मीठच, पण उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट अशी मंडळी ठरलेल्या प्रमाणात असतात. कवच बांधणारे जीव जगतात ते त्यांच्यावर. म्हणून किराणा दुकानातल्या मिठाचे पुडे ओतून समुद्र होत नाही, तयार 'रीफ सॉल्ट'च आणावे लागते. साठ लिटरला सव्वादोन किलोच्या आसपास. खारटपणा मोजायला काचेचा हायड्रोमीटर मिळतो. तो आपल्या डेअरीतल्या लॅक्टोमीटरचा सख्खा भाऊ. चांगले दूध लॅक्टोमीटरवर २८ ते ३२ दाखवते, समुद्राचे पाणी साधारण २५. आमच्या दूधवाल्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे समुद्रातही पाणी घातलंय की!"

क्षारांपेक्षा अवघड गोष्ट म्हणजे ते ज्यात विरघळवायचे ते पाणी. हा सारा काळ्या बसाल्टचा मुलूख. बोअरचे पाणी जड. शिवाय बागांना वर्षानुवर्षे युरिया मिळतो, त्यातला नायट्रेट मुरत मुरत खाली जातो. असे पाणी घातले की पेटीत शेवाळाचे पीक येणारच. म्हणून आरओचे पाणी घ्यायचे, आणि आरओने फेकलेले पाणी भांडी-फरशीला वापरायचे.

पाणी, वाळू, दगड, पंप अशी सगळी मांडणी झाल्यावर महिना-दीड महिना काही करायचे नसते. हा काळ सर्वांत कठीण. रिकामी पेटी बघून पाहुणे "मासे मेले का?" असे विचारतात. पण खरे काम तेव्हाच चाललेले असते, आणि ते केळीवाल्याला जितके पटकन कळते तितके शहरातल्या माणसाला कळत नसावे. युरिया जमिनीत पडला की त्याचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट. पेटीतही हेच घडते, फक्त तिथे युरिया म्हणजे माशाची विष्ठा आणि उरलेले खाद्य. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी. ते पचवणारे जिवाणू दगडाच्या भोकाभोकांत वसेपर्यंत मासा सोडणे म्हणजे त्याला मारणेच. मी रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या पाण्यात टाकत होतो आणि टेस्ट किटच्या थेंबांनी हिरवा होणारा रंग पिवळा राहण्याची वाट बघत होतो. अडतिसाव्या दिवशी तो पिवळा राहिला.

दगडाचा विषय निघालाच आहे तर मुद्द्याचे बोलू. बाहेरदेशच्या पुस्तकांतली रीफ पेटी म्हणजे प्रवाळांची बाग. जाकार्ताच्या ली चिन एंग याने १९६१ मध्ये जिवंत दगड आणि प्रवाळ घालून पेटी स्वतःच्या बळावर कशी चालते हे लिहिले, आणि तिथून हा छंद जगभर पसरला. भारतात मात्र २००१ पासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच यादीत वाघ आहे. समुद्रघोडाही तिथेच. गुन्हा सिद्ध झाल्यास किमान तीन वर्षे तुरुंगवास. रामेश्वरच्या यात्रेहून पूर्वी आणलेले, शोकेसमध्ये ठेवलेले फुलासारखे पांढरे दगड आपल्याकडे घरोघर दिसतात. ते प्रवाळांचे सांगाडेच होत, आणि कायदा जिवंत-मेलेला असा भेद करत नाही. (सराफाकडचे मंगळाचे लाल पोवळे ही वेगळी जात, त्यातले नावाजलेले भूमध्य समुद्रातून येते.)

तरीही मोठ्या शहरांच्या बाजारात जिवंत प्रवाळ गुपचूप मिळते, हे या छंदातल्या कोणालाही ठाऊक आहे. मलाही फोनवर विचारणा झाली. "साहेब, छोटा तुकडा आहे, कोण बघतंय अर्धापुरात?" खरेच कोणी बघत नाही. पण मला कायदा पटतो, आणि तो पटायला गॉसचीच गोष्ट पुरेशी आहे. त्याची पुस्तके वाचून इंग्लंडात पेट्यांची लाट आली, लोक बादल्या घेऊन किनाऱ्यावर लोटले, आणि ओहोटीच्या वेळी खडकांत साचणारी ती जिवंत डबकी ओरबाडली गेली. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये आठवणी लिहिताना या नासाडीची खंत नोंदवली. ज्या माणसाचे समुद्रावर इतके प्रेम, त्याच्याच हातून हे सुरू झाले.

आपल्याकडे उधळायला फार काही नाहीही. महाराष्ट्रात मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळे आहेत. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून आत, पाण्याखाली, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा प्रवाळी पठाराचा भाग आहे. प्रवाळ म्हणजे एक इवला प्राणी आणि त्याच्या अंगात राहून उन्हावर अन्न करणारे सूक्ष्म शैवाल यांचा संसार. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे होते. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ आणि पुन्हा २०२३ पासून जगभर हे घडले. एका अंशाने समुद्रातले प्रवाळ पांढरे पडत असेल, तर ४३ अंशांच्या अर्धापुरात त्याचे काय झाले असते हे सांगायला नको.

त्या ४३ अंशांतही पेटी २७ वर राखता येते, आणि इथे मात्र मराठवाडा मुंबईला भारी पडतो. महागडा चिलर न घेता पाण्यावर दोन छोटे पंखे लावले. कोरड्या हवेत माठ आणि कूलर ज्या न्यायाने गार करतात तोच हा न्याय. दमट मुंबईत तो निम्माही चालत नाही. बदल्यात मे महिन्यात रोज दीड-दोन लिटर पाणी उडते. उडते ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. आठवड्याला सहा लिटर जुने पाणी काढून तेवढे नवे खारे पाणी घालायचे असते, आणि काढलेले मोरीत ओतायचे. केळीच्या बुंध्याशी चुकूनही नाही, क्षार केळीला सोसत नाहीत. दुपारच्या वादळात लाइट गेली तर सेलवर चालणारा हवेचा पंप लावायचा. गरम आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, मासा तासाभरात वरती येऊन तोंड उघडू लागतो.

पेटीत आता जुन्या चुनखडीच्या दगडांचा ढीग, दोन शंखवासी खेकडे आणि क्लाऊनफिशची एक जोडी आहे. जोडी समुद्रातून पकडलेली नाही, हॅचरीत जन्मलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम इथे या माशांची पैदास जमवली, आता ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रातही शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यात मासे रेल्वेने नांदेडपर्यंत आले. हे मासे सगळे नर म्हणूनच वाढतात; जोडीत जो थोर होतो त्याची मादी होते. आमच्याकडे हे सांगितल्यावर घरात बराच वेळ हशा चालला होता.

प्रवाळ नसले तरी दगड ओसाड नाहीत. चौथ्या महिन्यात त्यांच्यावर गुलाबी-जांभळे शैवाल चढले, ते स्वतः चुन्याचे कवच बांधते. गेल्या पंधरवड्यात मादी एका सपाट दगडाची तोंडाने साफसफाई करू लागली आहे, म्हणजे अंडी पडतील. पिल्ले आठवडाभराने रात्रीच्या अंधारात फुटतात आणि इतकी बारीक असतात की त्यांना सुरुवातीला रोटिफर नावाचे सूक्ष्म जीवच लागतात. खिडकीशी चार बाटल्या ठेवल्या आहेत, दोन हिरव्या पाण्याच्या आणि दोन रोटिफरच्या.