व्हिडिओ गेमचे प्रकार : स्वरूप आणि वर्गीकरण

प्रस्तावना :
परभणी, गंगाखेड वा सेलू येथील महाविद्यालयाच्या आवारात मोबाइलमध्ये गुंतलेला विद्यार्थी दिसला की ‘गेम खेळतो आहे’ एवढीच नोंद घेतली जाते. ‘वाचतो आहे’ म्हटल्याने हाती कादंबरी आहे की कोश, हे कळत नाही. येथेही तसेच घडते. व्हिडिओ गेमचे प्रकार कसे ठरतात आणि ते अध्यापकास का माहीत असावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वर्गीकरणाचा आधार :
चित्रपटाचा प्रकार बहुधा विषयावरून ठरतो; गेमचा प्रकार मात्र खेळणाऱ्याने करावयाच्या कृतीवरून ठरतो. ख्रिस क्रॉफर्ड यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर गेम डिझाइन’ या ग्रंथात कौशल्य-कृतिप्रधान आणि डावपेचप्रधान असे दोन मुख्य वर्ग मानले. पुढे त्यांना अनेक शाखा फुटल्या.

प्रमुख प्रकार :
1. कृतिप्रधान : यात नजर व हात यांचा मेळ महत्त्वाचा असतो. ‘बॅटल रॉयल’ ही त्याची उपशाखा असून शेवटपर्यंत टिकणारा विजयी होतो. पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ (2024) याच शाखेतील आहे.
2. कृती-साहस : पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ (2020) या गेममध्ये एक मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाचा शोध घेते. कथेला पुराणाचा आधार आहे. परंतु लढणे, उड्या मारणे व शोध घेणे या कृतींवरून त्याचा प्रकार ठरतो.
3. कोडी : मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव यांनी 1984 मध्ये रचलेला ‘टेट्रिस’ हे याचे ठळक उदाहरण होय.
4. डावपेच व सिम्युलेशन : ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये (1997) साम्राज्य उभारावे लागते, तर ‘सिमसिटी’मध्ये (1989) नगराचा कारभार पाहावा लागतो. येथे चपळाईपेक्षा नियोजनास महत्त्व असते.
5. पटावरील खेळ : नवी मुंबईच्या गेमेशनचा ‘लुडो किंग’ (2016) हा पचिशीच्या परंपरेतील खेळ पडद्यावर आणतो.

प्रकार आणि कायदा :
22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ असा भेद केला. पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने निषिद्ध ठरविले. ई-स्पोर्ट्स त्यातून वगळले. म्हणजेच लुडो विरंगुळ्यासाठी खेळला काय किंवा पैसे लावून खेळला काय, पट, सोंगट्या व फासा तेच राहतात. कायद्यातील वर्ग मात्र बदलतो.

निष्कर्ष :
गेमचे बाह्य रूप पाहून विद्यार्थ्याविषयी मत बनविणे योग्य ठरत नाही. रक्तरंजित दिसणाऱ्या गेममध्ये पैशांचा संबंध नसू शकतो आणि निरुपद्रवी भासणाऱ्या सोंगट्यांमागे घरचे पैसे पणाला लागलेले असू शकतात. म्हणून ‘या खेळात नेमके काय करावे लागते?’ आणि ‘यात पैसे लागतात काय?’ हे दोन प्रश्न अध्यापकाने आपुलकीने विचारावेत. उपदेशाआधी ही चौकशी झाल्यास विद्यार्थी मोकळेपणाने बोलण्याची शक्यता वाढते.