लाईट गेली तरी न पुसणारी पाटी: घरच्या घरी ई-इंक डिस्प्ले

कालचा भाग गाडीवर ऐकला आणि निम्मा वाऱ्यात गेला म्हणता? मग हे घ्या लिहून.

आमच्या ईटच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी साडेसात इंची ई-इंक डिस्प्ले टांगलाय. त्यावर हवामान, दुधाचा हिशेब आणि शेतात थ्री-फेज लाईट कधी येणार ते दिसतं. मोबाईलवर मिळतं की हे सगळं! पण आजी मोबाईल उघडत नाही, भिंत मात्र बघते.

हे चालतं कसं?
पडद्यात केसाएवढ्या जाडीच्या कुप्या असतात. त्यात काळे आणि पांढरे कण, एकमेकांच्या उलट विद्युतभाराचे. व्होल्टेज दिलं की हवे ते कण वर येतात, आणि वीज काढली तरी तिथंच थांबतात. म्हणजे वीज लागते फक्त चित्र बदलताना. स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे रात्री बल्ब लावावा लागतो.

मग वीज खातं कोण?
मागचा रास्पबेरी पाय! पाय झीरो २ डब्ल्यू नुसता बसून साधारण अर्धा वॅट घेतो, म्हणजे दिवसाला १२ वॅट-तास. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून हाती येतात ३० च्या आसपास. अडीच दिवसांत खेळ खल्लास. म्हणून टायमर बोर्ड लावा. तासातून एकदा पाय उठवायचा, पान बदलायचं, परत झोपवायचा.

मराठीची गंमत
पायथनच्या पिलो लायब्ररीत राक्म नसेल तर 'स्थिती' लिहिताना वेलांट्या भलतीकडे जातात, जोडाक्षरं फुटतात. राक्म आहे का ते आधी तपासा आणि नोटो सान्स देवनागरी फॉन्ट वापरा.

माझी चूक
आमच्याकडं शेताची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. एकदा गावातली लाईट गेली, पाय बंद पडला, पडद्यावर मात्र जुनंच पान ठसठशीत. आठवडा बदललेला. वडील ते वाचून रात्री दहाला बॅटरी घेऊन शेतात गेले. मोटार चालूच होईना. अंधारात, पिकात, विंचूकाट्यात तासभर वाट बघितली बिचाऱ्यांनी.

साधा पडदा बंद पडला की काळा होतो, आपल्याला कळतं. ई-इंक बंद पडलाय हे कळतच नाही. त्याचा हाच गुण, हाच धोका.

तेव्हापासून कोपऱ्यात मोठ्या अक्षरात तारीख-वेळ छापतो: 'शेवटचं अपडेट'. पण पाय झीरोत घड्याळाचा सेल नसतो. लाईट आली आणि नेट नसलं, तर तो जुनीच वेळ धरून बसतो. म्हणून डीएस३२३१ घड्याळाचं छोटं मॉड्यूल जोडलं, बटण सेलवाल्याचं.

आता वडील आधी कोपरा बघतात, मग बॅटरी उचलतात. तुम्ही बनवलात तर पहिल्या दिवशीच तो कोपरा करा. बाकीची सजावट नंतर. भेटू पुढच्या भागात!