सात तारांचा पीळ

सव्वापाच इंची फ्लॉपी आज वाचायची म्हटली, तर पहिली अडचण जोडणीची येते. बाजारात मिळणारे यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंचीच असतात आणि नव्या मदरबोर्डवर फ्लॉपीला जागाच उरलेली नाही. जुना ड्राइव्ह मात्र ३४ तारांची चपटी केबल मागतो, शिवाय ५ आणि १२ व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा.

ही केबल हातात घेऊन बघावी. एका टोकाजवळ १० ते १६ क्रमांकाच्या सात तारा वेगळ्या काढून उलट्या फिरवलेल्या असतात. ही करामत आयबीएम पीसीची. एकाच केबलवर दोन ड्राइव्ह असले, तर हुकूम नेमका कोणाला? ड्राइव्ह बनवणाऱ्या शुगार्ट कंपनीच्या मूळ रचनेत त्यासाठी प्रत्येक ड्राइव्हवरचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, निरनिराळ्या जागी लावावा लागे. आयबीएमने सगळ्यांचे जंपर दुसऱ्या क्रमांकावर ठेवले आणि निवडीचे काम तारांच्या या पिळावर सोपवले. पिळाच्या पलीकडचा ड्राइव्ह 'ए', अलीकडचा 'बी'. खर्च जवळपास शून्य!

ड्राइव्हला स्वतःला फाइल वगैरे काही कळत नाही. चकतीवरच्या चुंबकत्वाची दिशा जिथे बदलते, तिथे तो विजेचा एक ठोका पाठवतो. ठोक्यांमधल्या अंतरावरून शून्य आणि एक ओळखायचे, ते कंट्रोलर चिपने. पीसीची चिप ठरावीक साच्यातलेच वाचते. अमिगा संगणकाच्या फ्लॉपीपुढे ती हात टेकते.

यावरचा आजचा उपाय मला फार मोलाचा वाटतो. 'क्रायोफ्लक्स' किंवा कीर फ्रेझर यांचा खुला 'ग्रीझवीझल' हे छोटे बोर्ड एका बाजूने ड्राइव्हला आणि दुसऱ्या बाजूने यूएसबीला जोडतात. ते अर्थ लावायला जात नाहीत. ठोक्यांमधले अंतर मोजून जसेच्या तसे संगणकाकडे देतात. अर्थ सॉफ्टवेअर सावकाश लावते. चित्रकार अँडी वॉरहोल यांनी १९८५ मध्ये अमिगावर काढलेली चित्रे अशाच मार्गाने हाती लागून २०१४ मध्ये जगासमोर आली.

ड्राइव्ह जोडला तरी फ्लॉपीवर लिहू मात्र नये. ३६० केबीच्या फ्लॉपीवर ४० ट्रॅक, म्हणजे वर्तुळाकार पट्टे असतात, १.२ एमबीच्या ड्राइव्हचे वाचणारे-लिहिणारे हेड ८० ट्रॅकचे, म्हणजे अरुंद. त्याने लिहिले की जुन्या रुंद ट्रॅकच्या कडा तशाच राहतात आणि मूळ ड्राइव्हला नवे-जुने एकत्र ऐकू येते. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की लिहिणे बंद होते. साडेतीन इंचीत उलटे, तिथे भोक उघडे हवे.

आपल्याकडच्या दमट हवेत चकतीला बुरशी धरते. बुरशी दिसली तर फ्लॉपी आत घालूच नये. ती हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पडतात. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने चकती हलक्या हाताने पुसावी. आणि घरातला जुना ड्राइव्ह भंगारात देऊ नये. बोर्ड नवे मिळतात, सव्वापाच इंची ड्राइव्ह आता कोणी बनवत नाही.